बद्रीनाथला जाताय तर वसुधारासाठी एक दिवस ठेवा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपली मराठी मंडळी चारधामला एवढ्या लांब जातात, बद्रीनाथजवळच्या माणा गावात भीमपूल (नदीवरचा मोठ्या शिळेचा पूल) बघतात, चहा पितात आणि परत गाडीत, खरं तर तिथनं पुढे साधारण ५ किमी चाललं की वसुधारा धबधबा आहे, सुमारे ४०० फुटांवरून पडतो आणि वारा असला की पाण्याचे नुसते तुषार उडतात! टूरवाल्यांनी यासाठी एक दिवस द्यायलाच हवा.

माणाच ३,२०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणून उंचीची सवय व्हायला आदल्या रात्री बद्रीनाथला मुक्काम कराच. सकाळी लवकर निघा, दुपारी हवा फिरते. पाणी, खाणं, रेनकोट सोबत घ्या. मे-जूनमध्ये वाटेत बर्फ असू शकतो, त्यामुळे ग्रिपवाले बूट हवेतच. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर हट्ट न करता खाली उतरा, ग्रुप थांबेल.

– एक वाचक, नाशिक