करचुकवेगिरीची तक्रार मोघम नको

‘अमुक माणूस मालमत्ता कर बुडवतो’ एवढाच मजकूर असलेला अर्ज पालिकेत सहसा फायलीतच पडून राहतो, कारण तपासायचे काय हेच त्यात नसते. मालमत्ता क्रमांक, पत्ता आणि नेमका संशय लिहावा: नोंद निवासी पण वापर दुकानाचा, वाढीव मजल्याची आकारणीच नाही, की भाडेकरू असताना जागा रिकामी दाखवून सवलत घेतली आहे. रस्त्यावरून दिसणाऱ्या पाटीचा तारखेसह फोटो पुरतो. त्यासाठी कुणाच्या आवारात शिरू नये. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहावे. थकबाकी म्हणजे फसवणूक नव्हे, ही गल्लत तर फारच होते.

कर्मचाऱ्याचाच हात असल्याचा संशय असेल, म्हणजे रोख घेऊन पावती न देणे वगैरे, तर अर्ज त्याच विभागात न देता लेखापरीक्षण किंवा दक्षता विभागाकडे द्यावा. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख पाहावी. नुसता शिक्का पाठपुराव्याला कामाचा नाही. नाव गुप्त ठेवण्याची विनंती अर्जातच करावी. निनावी पत्रात अधिकाऱ्याला चार प्रश्न विचारायचे झाले, तर विचारायचे कुणाला?

– एक वाचक