मॉरिसचा हीटर आणि उलटा फिरणारा पंखा

मामा,

बिल दिल्यावर मी आभार मानायला लागले, तर हात पुसत तुम्ही म्हणालात, "मानायचंच असतील आभार तर लिवून द्या ताई. काय काय केलं ते बी लिवा. फुडच्या गिऱ्हाइकाला दावता येतंय." म्हणून हे पत्र. यातलं बरंचसं तुम्हाला माहीतच आहे, ते त्या पुढच्या गिऱ्हाइकासाठी समजा.

"कोल्हापुरात हीटर?" हे वाक्य उद्यमनगरात तुमच्या दुकानापर्यंत पोचायच्या आधी मी तीन गॅरेजांत ऐकलं होतं. एकाने तर "एप्रिलात या, फुकटात हीटर देतो" म्हणून सगळ्या पोरांना हसवलं. दुसऱ्याचा सल्ला होता की हीटरला जाणारे दोन्ही पाईप काढायचे, तोंडं बंद करायची, विषय संपला. तुम्ही हसला नाहीत. फक्त विचारलंत, "जायाचं कुठं असतंय?"

वैभववाडीला. आत्याकडे. दर श्रावणात, गगनबावड्यावरून घाट उतरून, बाबांच्या १९६० सालच्या मॉरिस मायनरमधून. दुसऱ्या गाडीतून जायचं नाव काढलं की बाबा जेवत नाहीत. आता गगनबावड्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू! बाहेर धुकं, काच गारठलेली, आणि आत चार माणसांचे श्वास, दोन ओल्या छत्र्या आणि आईची भिजलेली शाल. ती सगळी वाफ गार काचेवर आतून बसते. वायपर बाहेर कितीही नाचला तरी आतल्या वाफेला तो काय करणार? मागच्या वर्षी एका वळणावर बाबांना समोरचं काहीच दिसेना. आई पदराने काच पुसतेय, मागून एसटी हॉर्न मारतेय, आणि आम्ही कडेला थांबलोय. त्या दिवसापासून मी डॅशबोर्डाखालच्या त्या गोल डब्याकडे, म्हणजे हीटरकडे, नीट बघायला लागले. गरम हवा काचेवर आली तर काच तापते आणि वाफ बसत नाही, एवढं मला कळत होतं. ती येत का नाही, ते कळत नव्हतं.

तुम्ही डब्याला हातच लावला नाहीत. इंजिन अर्धा तास चालू ठेवलंत आणि मग इंजिनचं गरम पाणी हीटरला नेणारा आणि परत आणणारा, असे दोन्ही रबरी पाईप तळव्यात धरून बघितलेत. आत जाणारा कोमट, परत येणारा गार. "हीटर नंतर बघू, आधी पाणीच तापंना झालंय," म्हणालात आणि इंजिनच्या हेडच्या पुढच्या बाजूचं झाकण उघडलंत. आत थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, नव्हताच! आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं की पहिला तोच काढून फेकतात. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं आणि घाट उतरताना तर इंजिन नीट तापतच नाही. असा गार गडी आपल्याला ऊब कुठून देणार? ८२ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट तुम्ही शोधून आणलात. बसवायच्या आधी पातेल्यात पाणी उकळत ठेवून, त्यात तो दोऱ्याने सोडून, उघडताना मला दाखवलात. चहाचं पातेलं होतं ते. तुमचा पोऱ्या अजून कुरकुरत असेल.

हेडच्या मागच्या अंगाला असलेली हीटरची तोटी गंजून जाम झाली होती. शेजारच्या लेथवाल्याकडून तिची दांडी नव्याने करून घेतलीत. कोरचं, म्हणजे हीटरच्या आतल्या छोट्या रेडिएटरचं, काम मात्र मी जन्मात विसरणार नाही. पाणी नेहमीच्या वाटेने न सोडता उलट्या बाजूने सोडलंत, म्हणजे गाळ ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो. वाटीभर तांबूस चिखल निघाला. मग सायकलचा पंप लावून कोर पाण्याच्या टबात बुडवलात, पंक्चरवाले ट्यूब बुडवतात तसा. दोन ठिकाणी बुडबुडे आले. दोन्हीकडे सोल्डरचा डाग मारलात. पितळी कोर होता म्हणून डाग मारता आला, ॲल्युमिनियमचा असता तर फेकावाच लागला असता, हे तुमचंच वाक्य.

सगळं बसवल्यावरही परतीचा पाईप गारच. माझा चेहरा पडला. "हवा धरलीया लाईनमधी," म्हणून तुम्ही परतीचा पाईप सोडवलात, नरसाळं लावून वरून पाणी ओतलंत. गुडगुड आवाज झाला. पाचेक मिनिटांत हातात धरवेना.

आणि मग तो पंखा. त्याच्यासाठी तर हे पत्र. मूळची मोटार कधीच जळली होती, आणि कुणीतरी दुसऱ्या गाडीची मोटार तिच्या पिंजऱ्यासारख्या पंख्यासकट बसवली होती. पंखा फिरत होता, आवाज करत होता, हवाही येत होती, पण तिच्यात जीव नव्हता. तीन वर्षं सगळ्यांनी सांगितलं, मोटार म्हातारी झाली. तुम्ही बॅटरीकडे बघितलंत आणि हसलात. या गाडीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, हल्लीच्या गाड्यांच्या उलट. ज्याने मोटार बसवली त्याने सवयीने काळी, म्हणजे मायनसची, वायर बॉडीला दिली. आत चुंबक असलेली मोटार, वायरी उलट्या दिल्या की उलटी फिरते. आणि पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच वाटेने बाहेर टाकतो, फक्त जेमतेम. म्हणून कुणाला संशयच आला नाही. दोन वायरींची अदलाबदल केलीत, मिनिटभराचं काम. काचेखालच्या फटीत धरलेली तुमची पावती छतापर्यंत उडाली. त्या मिनिटाचे पैसे तुम्ही बिलात लावले नाहीत हे मी बघितलंय, आणि त्यावर आपलं भांडण अजून बाकी आहे.

गेल्या रविवारी वैभववाडीला जाऊन आलो. गगनबावड्याच्या अलीकडेच पाऊस सुरू झाला. बाबांनी खटका दाबला. आधी काचेच्या खालच्या कडेला दोन अर्धचंद्र स्वच्छ झाले, मग ते वाढत वाढत एकमेकांना भिडले. आई पदर हातात धरून तयार बसली होती, तिला कामच मिळेना. घाटाच्या मध्यावर बाबा म्हणाले, पाय भाजतायत, बंद कर जरा. हे वाक्य त्या गाडीत मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्याच्या दारात उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "त्या मामाला फणस ने."

परतीच्या पाईपची एक क्लिप किंचित पाझरतेय, थेंब दोन थेंब. बुधवारी सकाळी गाडी घेऊन येते. फणस डिकीत आहे, कापा आहे.

तुमची,
मॉरिसवाली ताई