जुन्या जाहिरातींवर ‘आजच प्रसिद्ध’ : तक्रार आणि पैसे परत मिळण्याची मागणी

साखळी, गोवा
दिनांक : 9 मार्च 2026

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन नोकरी सेवा विभाग

विषय : भरून झालेल्या जागांच्या जाहिराती नव्या तारखेने दाखवल्याबद्दल तक्रार, तसेच सदस्यत्वाचे 1,499 रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

8 डिसेंबर 2025 रोजी मी 1,499 रुपये भरून आपल्या संकेतस्थळाचे तीन महिन्यांचे सदस्यत्व घेतले. ‘गोव्यातील ताज्या जागा सर्वांत आधी तुमच्यापर्यंत’ असे त्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते. तेवढ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी पैसे भरले. या तीन महिन्यांत मी 41 ठिकाणी अर्ज केले. कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या जागेसाठी, हे सगळे वहीत लिहून ठेवले आहे. त्यांतल्या 17 जागा अर्ज करण्याच्या कितीतरी आधी भरल्या होत्या, हे मी स्वतः फोन करून किंवा प्रत्यक्ष जाऊन खात्री केलेले आहे. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी फोनच उचलला नाही.

एकच प्रसंग सविस्तर सांगते. 16 जानेवारीला वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची स्टोअर असिस्टंटची जाहिरात आपल्याकडे दिसली. वर हिरव्या पट्टीत ‘आजच प्रसिद्ध’, खाली ‘तातडीने भरती, सकाळी 10 ते 1 या वेळेत बायोडेटा घेऊन भेटा’. माझे शिक्षण बी.कॉम., स्टोअरचा सहा वर्षांचा अनुभव. मला हवी तशीच जागा होती. मंगळवारी, 20 तारखेला, दोन वर्षांच्या मुलाला सासूबाईंकडे ठेवून पावणेसातची बस धरली. पणजीला उतरून मडगावची बस, वेर्ण्याला उतरून पुढे पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. साडेनऊला गेटवर पोचले.

सिक्युरिटीवाल्या काकांनी माझ्या हातातला कागद पाहिला आणि म्हणाले, “बाय, हें केन्नाच जालें.” तरी नियमाप्रमाणे त्यांनी रजिस्टर पुढे केले. नाव, गाव, येण्याचे कारण, वेळ. माझे नाव लिहिताना वरच्या ओळींवर नजर गेली. काणकोण, इंटरव्ह्यू. पेडणे, इंटरव्ह्यू. वाळपई, इंटरव्ह्यू. प्रत्येकाच्या पुढे आत गेल्याची आणि परत निघाल्याची वेळ होती, मध्ये दहा-पंधरा मिनिटांचे अंतर. काणकोणहून वेर्ण्याला यायला त्या माणसाला किती वाजता घर सोडावे लागले असेल, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

तिथल्या एचआरच्या बाई मात्र भल्या होत्या. खाली येऊन भेटल्या, पाणी दिले. ती जागा चवथीच्या आधी, म्हणजे ऑगस्ट 2025 मध्येच भरली होती. ज्या मुलाने जुलैमध्ये जाहिरात टाकली तो नोकरी सोडून गेला आणि खात्याचा पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. जाहिरात काढून टाका, असे ईमेल त्यांनी आपल्याला दोनदा पाठवले. पण त्यांच्या पॅकेजमध्ये जाहिरात आपोआप नव्याने लागते आणि प्रत्येक वेळी तिच्यावर त्या दिवसाची तारीख येते. हे त्यांनी मला मोबाइलवर उघडून दाखवले.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी सहा वर्षे काम केले. आमच्याकडे मुदत संपलेला माल त्याच दिवशी वेगळ्या रॅकवर जायचा, त्याला लाल लेबल लागायचे, बिन कार्डवर, म्हणजे रॅकवरच्या मालाच्या नोंदीच्या कार्डावर, नोंद व्हायची आणि त्या रॅकला कुलूप असायचे. एखाद्या खोक्यावरची जुनी तारीख खरवडून नवी चिकटवण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसता, कारण ते खोके पुढे कोणाच्या घरात जाते हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. आपल्याकडे हेच काम आपोआप होते, रोज होते. समोरचा माणूस आजारी पडत नाही, पण त्याचा दिवस जातो, भाड्याचे पैसे जातात आणि ‘आपल्यातच काहीतरी कमी असणार’ असे त्याला वाटू लागते. डिसेंबरभर मला तसेच वाटत होते. बायोडेटा तीनदा बदलला. मुलासाठी दोन वर्षे घरी होते म्हणून कोणी बोलावत नसेल, असे धरून चालले होते. ज्या जागा नव्हत्याच त्यांच्यासाठी मी स्वतःला दोष देत बसले होते.

आणखी दोन नमुने आपल्या माहितीसाठी. ‘मोपा येथे लवकरच सुरू होणाऱ्या विमानतळासाठी भरती’ ही जाहिरात मला फेब्रुवारीत ‘3 दिवसांपूर्वी’ या शिक्क्यासह दिसली. मोपाहून विमाने 5 जानेवारी 2023 पासून उडत आहेत. दुसऱ्या जाहिरातीत ‘थेट मुलाखत : शनिवार, 14 जून’ असे होते, वर्ष दिलेले नव्हते. पुढच्या जूनची असेल म्हणून मी कॅलेंडर उघडले, तर यंदा 14 जूनला रविवार आहे. शनिवार होता तो 2025 मध्ये. ही चूक पकडायला एवढेच पुरेसे होते, आणि ते माझ्यासारखीला जमले.

22 जानेवारीला मी आपल्या ग्राहक सेवेला लिहिले. उत्तर आले की मजकुराची जबाबदारी नियोक्त्याची आहे, आम्ही फक्त मध्यस्थ. हे मला मान्य नाही. पगार, पात्रता, पत्ता नियोक्त्याने लिहिला असेल. ‘आजच प्रसिद्ध’ ही पट्टी त्याने लावलेली नाही, ती आपण लावली. ‘ताज्या जागा’ हे आश्वासन आपले, आणि त्यासाठी पैसेही आपणच घेतलेत. काल माझ्या सदस्यत्वाची मुदत संपली आणि रात्री बाराला खाते बंद झाले. म्हणजे मुदत ओळखून एखादी गोष्ट बंद करणे आपल्या यंत्रणेला जमते.

कायद्याबद्दल मला जेवढे समजले तेवढे लिहिते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींविरुद्ध ग्राहकाला दाद मागता येते, तीही स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात. ई-कॉमर्सविषयीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या जानेवारीच्या पत्राला पोच आली ती सहाव्या दिवशी.

माझे 1,499 रुपये परत करावेत, ही पहिली मागणी. वेर्ण्याच्या फेरीचा खर्च दोनशेच्या आसपास आहे, तो मी मागत नाही. पण प्रत्येक जाहिरातीवर ती पहिल्यांदा कधी लागली ती मूळ तारीख दिसलीच पाहिजे, नंतर कितीही वेळा नूतनीकरण होवो. नियोक्त्याने 30 दिवसांत ‘जागा अजून रिकामी आहे’ असे कळवले नाही, तर जाहिरात आपोआप उतरावी. ‘जागा भरली आहे’ असे कळवायला उमेदवारांसाठी एक बटण द्यावे आणि त्या कळवण्याची दखल माणसाने घ्यावी. बंद पडलेल्या खात्यांकडे गेलेला माझा बायोडेटा काढून टाकावा. जानेवारीपासून मला अनोळखी एजन्सींचे ‘नोंदणी फी भरा, नोकरी पक्की’ असे फोन येत आहेत. माझा नंबर त्यांना कुठून मिळाला, हेही लेखी कळवावे.

वेर्ण्याची ती जाहिरात मी हे पत्र लिहिण्याआधी आज सकाळी पुन्हा पाहिली. ‘2 दिवसांपूर्वी’ असे तिच्यावर आहे. निदान ती तरी आजच काढा. कोणीतरी उद्याच्या बसची वेळ बघत असेल.

पैसे भरल्याची पावती, 41 अर्जांची यादी आणि तारखेसह काढलेले स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. एका महिन्यात निर्णय न कळवल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि त्यानंतर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

आपली,
एक सदस्य, साखळी