बारा जणांची ऑर्डर

बर्मिंगहॅम

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

ऑफिसातल्या बारा जणांना करी खायला न्यायचं काम तुझ्याच गळ्यात पडणार होतं, तू एकटाच भारतीय ना! पण पुण्यातली हॉटेलं कितीही पालथी घातली असलीस तरी इथल्या मेन्यूपुढे ती कामाला येणार नाहीत. ब्रिटनमधली बहुतेक जुनी करी हाउस सिल्हेटकडच्या बांगलादेशी मंडळींनी उभी केली, तीही इथल्या गिऱ्हाइकाच्या जिभेकडे बघून. विंदालू म्हटल्यावर गोव्यातलं व्हिनेगरमध्ये मुरवलेलं डुकराचं मटण डोळ्यांसमोर आणू नकोस. इथे तो चिकनचा किंवा लँबचा, वर बटाटा आणि मरणाचा तिखटपणा. धनसाकमध्ये डाळ असते खरी, पण चव आंबटगोड आणि कुठेकुठे चक्क अननसाचे तुकडे. मुंबईच्या पारशाला दाखवू नये.

ऑर्डर देण्याआधी आतलं काम कसं चालतं ते समजून घे. आपल्याकडे हॉटेलात पांढरी, लाल, पिवळी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या तरी असतात; इथे बहुधा एकच. ढीगभर कांदा, थोडं गाजर, ढोबळी मिरची, टोमॅटो, आलं-लसूण आणि हळद-धने-जिरे हे सगळं मऊ शिजवून सूपाइतकं पातळ वाटतात. चिकन आणि लँब आधीच शिजवून ठेवलेलं. ऑर्डर आली की पॅनमध्ये तेल, आलं-लसूण, चमचाभर मसाला, टोमॅटोची पेस्ट, मग पळी-पळीने ही ग्रेव्ही. आच मोठी, आणि कडेला चिकटून खरपूस झालेलं खरवडून परत आत ओढायचं. खरी चव तिथेच आहे. तेल सुटलं की करी तयार, सात-आठ मिनिटांत. मिरचीपूड वाढवली की मद्रास. नारळ, साखर, क्रीम घातलं की कोर्मा. हिरव्या मिरच्या नि ढोबळीचे तुकडे परतून घातले की जालफ्रेझी.

म्हणजे बारा जणांनी बारा वेगळ्या करी मागवल्या तर बारा पॅन लागणार. शेगड्या तेवढ्या नसतात. पहिल्याची करी येते तेव्हा शेवटच्याचा पॅन अजून चढलेलाही नसतो, आणि तोवर नान चामड्यासारखे होतात. त्यात मद्रास, भुना, रोगनजोश शेजारी शेजारी ठेवले तर रंगापलीकडे फारसा फरक कळत नाही. म्हणून प्रत्येकाला आपापलं मागवू देऊ नकोस. मधे ठेवून वाटून खायचं, हे बुकिंगच्या मेलमध्येच सगळ्यांना कळव. टेबलावर सांगायला गेलास तर कुणी ऐकत नाही.

बारा जणांना सात-आठ मुख्य पदार्थ पुरतात. त्यातले दोन तंदूरचे सुके घे, कारण ते दुसऱ्या विस्तवावर होतात. एक गोडसर (बहुतेकांचं मत चिकन टिक्का मसाल्याला पडेल), एक आंबटगोड पठिया, एक जालफ्रेझी. जी करी जास्त चालेल ती दोन-तीन प्लेट एकदम सांग. एकाच पॅनमध्ये होते. विंदालू एकच, तोही कुणी हट्टच धरला तर. जोडीला तडका डाळ, साग आलू, वांग्याची भाजी. भात दोघांत एक प्लेट, नान दोघांत एक. पण नान दोन खेपांत मागव. पापड माणशी दीड पुरे. तो आणि चटण्यांचा ट्रे न मागता येतो, पण बहुतेक ठिकाणी बिलात माणशी लागतो. स्टार्टर चार प्लेट, त्याहून जास्त नको. लोक पापड-भजीवरच पोट भरतात आणि करी तशीच राहते.

मंडळींना बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक-स्पार्कहिल भागाकडे नेणार असशील तर बाल्टी नावाची करी घे. १९७० च्या दशकात ती याच शहरात रुळली. पातळ पत्र्याच्या दोन कानांच्या कढईत झटपट शिजते आणि त्याच कढईत समोर येते. भाताऐवजी टेबलभर मोठा नान मागवून तोडून खायचा. काही ठिकाणी आपली बिअर नेता येते, काही ठिकाणी दारू अजिबात चालत नाही. फोनवर विचारूनच घे.

ॲलर्जी मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. कोर्मा, पसंदा, टिक्का मसाला यांत बदामाची किंवा काजूची पूड असू शकते, आणि काही ठिकाणी स्वस्त म्हणून शेंगदाण्याची. ॲलर्जी आणणाऱ्या चौदा ठरावीक घटकांची माहिती देणं हॉटेलवर बंधनकारक आहे, तेव्हा बुकिंग करताना सांग आणि टेबलावर पुन्हा विचार. शाकाहाऱ्यांसाठी साइड डिश मोठ्या प्लेटमध्ये मागव. ‘व्हेजिटेबल करी’ बऱ्याचदा फ्रोजन भाज्यांची असते. ग्रेव्हीत चिकनचा स्टॉक आहे का, नानात अंडं आहे का, हेही विचार. कुणी जैन असेल तर या किचनमध्ये त्याचे हालच. कांदा-लसूण ग्रेव्हीतच आहे. त्यापेक्षा लेस्टर शहरातल्या बेलग्रेव्ह रोडवर एखादं गुजराती हॉटेल गाठ.

शुक्रवारी रात्री आठची वेळ घेऊ नकोस. पार्सलच्या ऑर्डरी त्याच किचनमधून जातात, आणि टेबलं मागे पडतात. साडेसहाला बसा, नाहीतर मंगळवार-बुधवार बघ. बिलात मोठ्या ग्रुपला दहा-साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असू शकतो; तो बघ, नाहीतर वर पुन्हा टिप ठेवशील. ऑक्टोबर २०२४ पासून टिपेचा सगळा पैसा कामगारांना देणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे तो चार्ज द्यायला हात आखडू नकोस. दारूचे पैसे वेगळे काढ, बाकीचे बाराने भाग.

उरलेली करी डब्यात बांधून देतात. भात मात्र तिथेच सोड. टेबलावर दोन-तीन तास पडलेला भात दुसऱ्या दिवशी कितीही गरम केला तरी पोटाला बाधू शकतो.

मेन्यूचा फोटो आधी पाठव, खुणा करून देतो.

तुझा,
अविनाश