शेतरस्त्याचे तोंड

फैजपूर परिसर,
दि. ९ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू ज्या कामाबद्दल विचारले आहेस तेच काम मृगाच्या आधी पुरे करण्याची माझी धडपड चालली होती. ते परवा संपले. मोठ्या रस्त्यापासून शेतातल्या खळ्यापर्यंत रस्ता कसा केला आणि एरंडोलजवळच्या तुझ्या जमिनीला तसाच करता येईल का, असे तू विचारतोस. फोनवर हे सारे सांगणे जमले नसते, म्हणून सविस्तर लिहितो.

हा रस्ता मी सोयीसाठी केलेला नाही. आपल्या बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावरची वर्दळ तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षापर्यंत कापणी असली की केळीचा ट्रक डांबरी रस्त्याच्या साइडपट्टीवर उभा राही, आणि मजूर डोक्यावर चुंबळ ठेवून, घड घेऊन, रस्त्याकडेच्या चारीवर टाकलेल्या दोन फळ्यांवरून ट्रकपर्यंत जात. निम्मा ट्रक डांबरावर, निम्मा मातीवर. गेल्या वर्षी दिवेलागणीच्या वेळी मागून आलेल्या एका गाडीचा धक्का आमच्या एका मजुराला लागला आणि त्याचा पाय मांडीत मोडला. तो वाचला, आता चालतोही, पण घड वाहण्याचे काम त्याला पुन्हा करता येणार नाही. त्याच्या औषधोपचाराचे मी पाहिले. तरी माझ्या मालाच्या भरणीसाठी माणसे रस्त्यात उभी राहत होती आणि वर्षानुवर्षे मी ते चालवून घेतले, ही गोष्ट मनातून जात नाही. पुढची कापणी रस्त्यावर करायची नाही, एवढे त्याच आठवड्यात ठरवले.

पहिला प्रश्न जागेचा होता. बांधाच्या कोपऱ्यात जुनी बैलगाडीची वाट होती, तेथेच रस्ता काढणे सर्वांत सोपे होते. पण तेथून बऱ्हाणपूरच्या बाजूचे वळण फार जवळ पडते. एका सकाळी भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा केला आणि जागेवरून निघून पलीकडच्या पट्ट्यात सरळ होईपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजले. नऊ सेकंद लागले. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर येते, म्हणजे नऊ सेकंदांत जवळजवळ २०० मीटर. तेव्हा दोन्ही बाजूंना निदान २०० मीटर रस्ता स्वच्छ दिसेल तेथेच तोंड काढायचे, असे ठरले. अभियंत्यांच्या हिशेबात या वेगाच्या गाडीला थांबायला १२० मीटर धरतात. पण तो हिशेब चालकाने वेळीच पाहून ब्रेक लावल्याचा आहे, आणि दुसऱ्याच्या ब्रेकच्या भरवशावर आपली ट्रॉली रस्त्यात घालणे मला पटले नाही. अशी जागा सापडली, पण बरोबर समोर रस्त्याकडेचा जुना कडुनिंब होता. ते झाड आपले नव्हे. परवानगीवाचून तोडता येत नाही, आणि परवानगी मिळाली असती तरी मला ते तोडायचे नव्हते. तोंड तीस फूट पश्चिमेला सरकवले.

परवानगीबद्दल थोडक्यात सांगतो. डांबर संपते तेथे आपली हद्द सुरू होत नाही. साइडपट्टी, चारी आणि त्यापलीकडची काही जागाही रस्त्याच्याच मालकीची असते, म्हणून आधी मोजणीचा नकाशा काढून घ्यावा. तुझी जमीन राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागून आहे, त्यामुळे तुला २००२ च्या महामार्ग नियंत्रण कायद्याप्रमाणे महामार्ग प्रशासनाची लेखी परवानगी घ्यावीच लागेल. मुरूम कोठून आणणार, त्याची रॉयल्टी भरली आहे का, याची पावतीही जवळ ठेव. मला कागदांना साडेतीन महिने लागले. दिवाळीनंतर लगेच अर्ज दिला म्हणूनच उन्हाळ्यात काम करता आले.

आता चारी. रस्त्याचे सारे पावसाळी पाणी या चारीतून नाल्याला जाते. तिच्यावर भराव टाकून पाइप घालायचा, तर तो किती मोठा, यावर माझी आणि सल्ला देणाऱ्या अभियंत्यांची चांगलीच चर्चा झाली. गावात बहुतेकांनी ४५० मिलिमीटर व्यासाचे पाइप टाकले आहेत, मीही तेच धरून चाललो होतो. त्यांनी ९०० चा आग्रह धरला. व्यास दुप्पट झाला की पाणी जायची जागा चौपट होते, हे तर खरेच. पण त्यांचे मुख्य म्हणणे असे होते की आपल्याकडच्या चारीत पाण्याबरोबर गाळ, केळीची पाने आणि ठिबकच्या नळ्यांचे तुकडे येतात, आणि लहान पाइप एकदा तुंबला की तो साफ करायला आत फावडेही जात नाही. तुंबलेले पाणी मग डांबरावर चढते आणि भर रात्री दुचाकीवाला त्यात पडतो. हे ऐकल्यावर मी खर्चाचा विचार बाजूला ठेवला. अडीच मीटर लांबीचे पाच पाइप, म्हणजे साडेबारा मीटर, आणि दोन्ही टोकांना दगडी बांधकामाच्या भिंती.

ही लांबी रस्त्याच्या रुंदीपेक्षा जास्त का, असे तू विचारशील. आतला रस्ता १६ फूट रुंद आहे, पण तोंडाशी तो दोन्ही बाजूंना गोलाई देऊन फाकवावा लागतो. तोंड अरुंद असेल तर वळणारा लांब ट्रक आधी समोरच्या पट्ट्यात जातो आणि मग आत शिरतो. पुष्कळ अपघात तेथेच होतात.

एवढे पाइप उचलण्यासाठी पोकलेन, म्हणजे साखळ्यांवर चालणारे मोठे खोदयंत्र, आणावे लागले. ९०० चा एक पाइप जवळजवळ दोन टनांचा असतो. जेसीबीने तो फरपटत नेता येईल, पण चारीत अलगद, बरोबर उतारावर आणि जोडाला जोड लावून बसवणे हे त्याच्या ताकदीच्या टोकाचे काम आहे, आणि यंत्र टोकाला गेले की उलटते. पोकलेन ट्रेलरवर आले. त्याच्या लोखंडी साखळ्यांनी डांबर फुटू नये म्हणून उतरवण्याच्या जागी जुने टायर पसरले होते. चारीच्या कडेने केबल गेली असण्याची शक्यता असते, म्हणून आदल्या दिवशी मजुरांकडून टिकाव-फावड्याने तीन ठिकाणी खड्डे घेऊन पाहिले. एका ठिकाणी फायबरची केबल खरोखरच निघाली.

पहिल्या सकाळी जे घडले ते तुला मुद्दाम सांगतो. घाई माझी होती. ऑपरेटर म्हणत होता की यंत्र शेतात उतरवून तेथून चारीकडे तोंड करून काम करू. पण त्यासाठी दहा-बारा केळी काढाव्या लागल्या असत्या, म्हणून मी त्याला साइडपट्टीवरूनच खोदायला सांगितले. पोकलेन पुढे खोदते तेव्हा आपण सारे त्याच्या बकेटकडे पाहत असतो. ते फिरले की त्याचा मागचा जड भाग उलट्या बाजूला फिरतो, आणि तो भाग डांबराच्या पट्ट्यात तीन-चार फूट आत येत होता. ऑपरेटरची पाठ तिकडे. एक दुचाकीस्वार, मागे पत्नी आणि पुढे लहान मूल, अगदी हातभर अंतरावरून निसटला. तो थांबलाही नाही. बहुधा त्याला कळलेच नसावे. मी तेथेच काम बंद केले. केळी काढल्या, यंत्र शेतात उतरवले आणि त्याची पाठ बागेकडे करून काम पुन्हा सुरू केले. हे आधीच करायला हवे होते. तुझ्याकडे काम निघेल तेव्हा पहिल्या तासापासून यंत्र रस्त्याच्या आतल्या बाजूलाच उभे कर. पिकाचे चार ताटवे गेले तरी जाऊ दे.

त्यानंतर दोन्ही दिशांना दोनशे पावलांवर ‘काम चालू आहे’ अशा पाट्या, पुढे शंकू, आणि चकाकणारी जाकिटे घातलेली दोन माणसे हिरवे-लाल झेंडे घेऊन उभी केली. भुसावळकडची उन्हे तुला माहीत आहेत. पारा ४४ च्या वर होता. म्हणून रस्त्याकडेचे काम सकाळी सहा ते दहा एवढेच केले, झेंडेवाले दर तासाला बदलले, आणि दुपारी सर्वांना त्या कडुनिंबाखाली सक्तीने बसवले. रस्त्यालगतची चारी रात्रभर उघडी ठेवायची नाही, हा नियम मात्र एकदाही मोडला नाही. जेवढी उघडली, तेवढीत पाइप बसवून त्याच सकाळी भराव केला.

आतल्या रस्त्याची अडचण वेगळी होती, आणि ती आपल्या काळ्या मातीची आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते. तिच्यावर नुसता मुरूम टाकला तर दोन पावसाळ्यांत तो मातीत गडप होतो. म्हणून २०० फूट लांब, १६ फूट रुंद आणि दीड फूट खोल माती काढली. तळाला नऊ इंच डबर, म्हणजे मोठे ओबडधोबड दगड, हाताने रचून त्याच्या फटी मुरमाने भरल्या, आणि त्यावर सव्वा फूट मुरूम, असा रस्ता शेताच्या पातळीपेक्षा सहा इंच वर घेतला. डबर २४ ब्रास लागला (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). मुरमाचा हिशेब ४० ब्रासचा होता, पण दाबल्यावर तो बसतो म्हणून ५२ आणला. हायव्यात, म्हणजे मोठ्या डंपरमध्ये, चार ब्रास येतो, तेव्हा सगळ्या मिळून १९ खेपा झाल्या. खोदलेली काळी माती एक टोपलेही बाहेर जाऊ दिले नाही. ती पलीकडच्या हलक्या तुकड्यात पसरली आहे. तापीकाठची ती माती तयार व्हायला किती काळ लागला असेल, याचा विचार मनात आला की ती भरावाला देववत नाही.

खेपा चालू असताना एकाच गोष्टीची मला सतत धास्ती होती. शेताच्या कडेने अकरा हजार व्होल्टची विजेची लाइन गेली आहे. हायवा रिकामा करताना त्याचा हौदा तारेला लागेल एवढा वर जातो, आणि चालकाचे लक्ष मागे असते. तारेखालच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना लाल कापड बांधलेले बांबू रोवले आणि त्यांच्यामध्ये हौदा उचलायचा नाही, असे प्रत्येक चालकाला मी स्वतः सांगितले. तेवढा मुरूम जेसीबीने ओढून नेला.

मुरूम सहा-सात इंचांच्या थरांनीच टाकावा. सगळा एकदम टाकून वरून रोलर फिरवला की वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि खालचा भाग पोकळ राहतो. संध्याकाळी टँकरने पाणी मारायचे, रात्रभर मुरू द्यायचे आणि पहाटे दाबायचे. ओल बरोबर आहे की नाही हे पाहायला मूठभर मुरूम दाबून गोळा करावा. तो वळला पाहिजे, आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत. चिखलासारखा चपटा झाला तर एक ऊन खाऊ द्यावे. पाइपावर आणि जुन्या दगडी विहिरीजवळ रोलरचे कंपन बंद ठेवून दाबले. शेवटी भरलेली ट्रॉली चालवून पाहिली. चाकाचा ठसा उमटला, पण रुतला नाही.

तोंडापासूनचे पहिले ३० फूट मी काँक्रीटचे केले आणि त्यांचा उतार डांबराकडून शेताकडे ठेवला. पुष्कळ जण उलट करतात. तसे केले की शेतातला चिखल आणि मुरमाचे खडे चाकांबरोबर आणि पाण्याबरोबर मोठ्या रस्त्यावर येतात, आणि त्या खड्यांवरून घसरणारा माणूस कोणीतरी अनोळखी असतो. काम चालू असतानाही रोज संध्याकाळी रस्ता झाडून घेत होतो. फाटक रस्त्यापासून ६५ फूट आत आहे, म्हणजे ट्रक पूर्ण आत आल्यावरच ते उघडायला थांबेल. आणि खळ्याजवळ वळायला मोकळी जागा ठेवली आहे, म्हणजे कोणतीही गाडी उलटी चालत रस्त्यावर जाणार नाही.

खर्च अंदाजाच्या जवळजवळ दीडपट झाला. पोकलेन तासावर असते आणि थांबलेले तासही मोजले जातात, हे ध्यानात ठेव.

परवा रात्री वादळी पाऊस झाला. वाऱ्याने बागेतल्या पन्नासेक केळी आडव्या झाल्या, त्याचे वाईट वाटलेच. रात्रीच बॅटरी घेऊन तोंडाशी गेलो. चारीला गुडघाभर पाणी होते आणि ते पाइपातून सरळ जात होते. डांबर कोरडे नव्हते, पण त्यावर पाणी साचलेही नव्हते. आज सकाळी पहिला ट्रक आत आला. पडलेल्या झाडांचे तयार घड कापून खळ्यातच भरले. तो पाय मोडलेला मजूर आता वजन लिहून घेण्याच्या कामावर आहे. त्याने ट्रकला हात दाखवून आत घेतले.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. तुझ्या कामाची सुरुवात याच पावसाळ्यात कर, यंत्रे पुढच्या उन्हाळ्यात येतील. जोराचा पाऊस झाला की बांधावर जा, चारीतले पाणी कुठपर्यंत चढते ते पाहा आणि तेथे एक खुंटी ठोकून ठेव. दोन्ही बाजूंना रस्ता किती लांबवर दिसतो तेही मोजून कळव. पोळ्याला मी टेप घेऊन येतो, पाइप आणि तोंड तेव्हा ठरवू.

तुझाच,
बालमित्र