कॅनव्हासवरच्या बाईचं नाव तरी लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घराच्या भिंती सजवण्यावर जो लेख आलाय त्यात जुन्या काळातल्या बायकांचे फोटो कॅनव्हासवर प्रिंट करून लावा, भिंतीला एकदम क्लासिक लुक येतो असं म्हटलंय. मी बरीच वर्षं वेल्समध्ये राहते आणि नेमकं हेच इथे बघून मला राग आला होता म्हणून लिहितेय.

एका ऑनलाइन दुकानात क्रानोग्वेन या वेल्श कवयित्रीचा फोटो कॅनव्हासवर विकायला होता, आणि खाली काय लिहिलेलं, तर 'व्हिक्टोरियन लेडी, व्हिंटेज वॉल आर्ट'. बस. नाव नाही, साल नाही, फोटो कुणी काढला ते नाही.

अहो ही बाई कोण होती! सारा जेन रीस, जन्म 1839, समुद्रकाठच्या ल्लांग्रानोग गावची, वडील जहाजावरचे. मुलीने शिवणकाम शिकावं अशी घरची इच्छा पण ती हट्ट करून वडिलांबरोबर जहाजावर गेली, नंतर नौकानयनाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि गावी येऊन शाळेत पोरांना तेच शिकवलं. 1865 साली ॲबरिस्टविथच्या आइस्टेथवॉडमध्ये, म्हणजे वेल्श लोकांचा कवितेचा आणि गाण्याचा मोठा उत्सव असतो त्यात, तिने 'लग्नाची अंगठी' या विषयावरच्या कवितेला बक्षीस मिळवलं आणि तेही इसलुइन आणि केइरिओग अशा त्या काळच्या गाजलेल्या पुरुष कवींना मागे टाकून. लग्न झालेल्या बाईच्या वाट्याला काय काय येतं ते त्या कवितेत आहे. क्रानोग्वेन हे तिचं कवी म्हणून घेतलेलं नाव. पुढे अमेरिकेत जाऊन व्याख्यानं दिली, आणि वेल्श भाषेत बायकांसाठी 'अ व्रथोनेस' नावाचं मासिक दहाएक वर्षं चालवलं. त्याआधी बायकांसाठी वेल्श मासिक निघालं होतं पण त्याचा संपादक पुरुष होता, बाईने संपादन केलेलं हे पहिलं. आणि दुकानदार म्हणतो 'लेडी'.

फोटो काढणारा जॉन थॉमस, त्याची गोष्ट तर वाचकांना सांगायलाच हवी. हा लिव्हरपूलमध्ये कापडाच्या दुकानात कामाला होता, तब्येत बिघडली म्हणून फिरतीचं काम धरलं, लिहायचं सामान आणि प्रसिद्ध लोकांचे छोटे फोटो विकायचं. विकता विकता त्याच्या लक्षात आलं की या फोटोंमध्ये वेल्श माणसं जवळजवळ नाहीतच, म्हणून तो स्वतःच कॅमेरा शिकला आणि आपल्या लोकांचे फोटो काढत वेल्सभर फिरला. पुढे त्याच्या 3,000 हून जास्त काचेच्या निगेटिव्ह ओ. एम. एडवर्ड्स या वेल्श लेखक-संपादकांनी घेतल्या, आज त्या ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीत आहेत. आपली माणसं लोकांना माहीत व्हावीत म्हणून ज्याने एवढं केलं त्याच्याच फोटोतून नाव काढून टाकायचं हे मला अजिबात पटत नाही.

आता कॅनव्हासबद्दल. असे फोटो मुळात व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर असायचे, साधारण अडीच बाय चार इंच. ते वीस बाय तीस इंचाच्या कापडावर ताणले की कापडाची वीण चेहऱ्यातले बारीक तपशील खाऊन टाकते, शिवाय लाकडी पट्ट्यांवरून कापड मागे दुमडताना चारी बाजूंनी इंच दीड इंच चित्र जातं. वर हल्ली सॉफ्टवेअरने रंग भरतात, गाल गुलाबी, डोळे निळे, तिच्या डोळ्यांचा रंग यांना कुणी सांगितला? माझं स्पष्ट मत आहे की असा फोटो मॅट पेपरवर, छोट्या साइजमध्ये, आहे तसा काळा-पांढराच छापावा. लायब्ररीने या संग्रहाचे स्कॅन फुकट खुले ठेवलेत, कॉपीराइट कधीच संपलाय, जवळच्या कुठल्याही फोटो स्टुडिओत प्रिंट काढता येते, दुकानाला पैसे द्यायची गरजच नाही.

विकणाऱ्यांना कायद्याने नाव लिहावं लागत नसेलही पण लिहायला खर्च काय येतो, मागच्या बाजूला एक छोटं लेबल. वेल्समध्ये 2021 पर्यंत उघड्यावर एकाही खऱ्या बाईचा तिच्या नावाने पुतळा नव्हता, त्या वर्षी कार्डिफमध्ये मुख्याध्यापिका बेटी कॅम्पबेल यांचा झाला आणि क्रानोग्वेनचा 2023 मध्ये तिच्याच गावात. त्यासाठी इथल्या बायकांनी वर्गणी काढलीये, वर्षानुवर्षं मागे लागल्यात, आणि इकडे तोच चेहरा सोफ्याच्या रंगाला मॅच होतो म्हणून बिननावाचा विकला जातोय.

तेव्हा माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत दोन ओळी छापा: कुठल्याही लेखिकेचा जुना फोटो विकत घेण्याआधी दुकानदाराला तिचं नाव, फोटोग्राफरचं नाव आणि मूळ फोटो कुठल्या संग्रहात आहे हे विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर घेऊ नका.

आपली,
एक वाचक, कार्डिफ