पावडर बारीक म्हणजे उडायला सोपी? उलट आहे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या विज्ञान पुरवणीतला फ्लुइडायझेशनवरचा (म्हणजे खालून हवा सोडून पावडर पाण्यासारखी वाहती करण्यावरचा) लेख आवडला, सोप्पा लिहिलाय, पण पावडर जितकी बारीक तितकी ती हवेवर सहज तरंगते हे वाक्य फार खटकलं. माझी बरीच वर्षं पावडरच्याच कामात गेलीत म्हणून राहवलं नाही.

वाळूच्या थरात खालच्या जाळीतून हवा सोडली की एका ठराविक वेगाला ती उकळत्या पाण्यासारखी खदखदायला लागते. तिथंच ५-१० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चुन्याची पावडर भरा. एकतर अख्खा थर दट्ट्यासारखा वर सरकतो आणि मग कोसळतो, नाहीतर त्यात उभी भोकं पडतात आणि सगळी हवा तिथूनच पळते, बाकी पावडर जागची हलत नाही. प्रेशर ड्रॉप, म्हणजे थराच्या खालच्या आणि वरच्या हवेच्या दाबातला फरक, बघितला की लगेच कळतं, तो थराचं वजन पेलण्याइतका व्हायला हवा, इथं खालीच राहतो. नवीन माणूस मग हवा वाढवतो, त्यानं भोकंच रुंद होतात.

कारण काय, तर व्यास कमी केला की कणांमधली व्हॅन डर वाल्स ओढ (अगदी जवळ आलेल्या कणांना एकमेकांना चिकटवणारी) त्याच प्रमाणात कमी होते पण वजन त्याच्या घनाच्या प्रमाणात घटतं. १०० मायक्रॉनवरून १० वर आलात तर वजन १००० पट कमी, ओढ फक्त १० पट, म्हणजे वजनाच्या मानाने चिकटपणा १०० पट वाढला की! संशोधक गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये हवेत कशा वागतात त्यावरून पावडरींचे ए, बी, सी, डी असे गट पाडले त्यातला हा सी गट, साधारण २०-३० मायक्रॉनच्या खालचा.

यावरचा उपाय लेखात यायलाच हवा होता. त्यात काहीशे मायक्रॉनचे जाड दाणे मिसळायचे, बस. ते खदखदतात, भोकं बुजवतात, गुठळ्या आपटून फोडतात, आणि बारीक कण त्यांच्या अंगाला चिकटून त्यांच्याबरोबर फिरतात, त्यामुळे एरवी दाणे खदखदवणाऱ्या एवढ्या हवेत सुटे झालेले बारीक कण लगेच उडून गेले असते ते बराच वेळ थरातच टिकतात. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं, जो चिकटपणा नडत होता तोच कामाला येतो.

अर्थात प्रमाण जमावं लागतं. दाणे कमी पडले तर फरक पडत नाही, फार जाड किंवा जड घेतले तर तळाशी बसतात आणि पावडर वर वेगळी राहते. शिवाय नंतर चाळून वेगळं करायचं काम असतंच, आणि दाणे झिजून मालात मिसळतात म्हणून औषधाच्या पावडरीला तर मी हे सुचवणार नाही, तिथं थर हलवत ठेवणं किंवा ढवळणं बरं.

पुरवणी विद्यार्थी वाचतात, तेव्हा तेवढी दुरुस्ती छापा ही विनंती. आणि जमलं तर काचेच्या नळीतले दोन फोटो शेजारी शेजारी द्या, एक नुसत्या पावडरीचा, एक दाणे मिसळल्यावरचा.

आपला,
एक वाचक